अपुरी गुंगी आणि तिची नोंद : वऱ्हाडच्या इतिहासातून

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी नाममात्र सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. मोर्णेच्या पश्चिम तीरावरील अकोल्याचे जुने शहरही या दुहेरी सत्तेखाली होते. निजामाच्याच राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा त्यांचा मुख्य प्रश्न. शस्त्रक्रियेत जागा राहून वेदना सोसणारा रुग्ण हा त्यांचा विषय नव्हता.

नोंदशास्त्राची दृष्टीही हीच होती. १८९३ चे बर्टिलाँ यांचे वर्गीकरण मृत्यूच्या कारणांचे. जिवंतांचे आजार त्यात १९४८ च्या सहाव्या आवृत्तीने आणले. अपुऱ्या गुंगीला अमेरिकी संकेतावलीत ९९५.२४ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००९ मध्ये; २०१५ पासून त्याजागी टी ८८.५२ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत मात्र श्वासनलिकेत नळी घालता न आल्यास टी ८८.४ आहे, गुंगी न लागल्यास ‘भुलीची इतर गुंतागुंत’, टी ८८.५, एवढाच आसरा. (नळीचे अपयश डॉक्टरला दिसते, गुंगीचे बहुधा रुग्णालाच सांगावे लागते.)

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. जुन्या शहरातील रुग्णाने अशी तक्रार सांगितली, तरी केवळ या दहाव्या आवृत्तीवर चालणाऱ्या नोंदीतून ती पुढे वेगळी काढता येत नाही.