कूलंट गोठतो का? फॅरनहाइट, मोटारी आणि आपला पीसी

आजचा प्रश्न साधा आहे: पीसीच्या लिक्विड कूलरमधला द्रव थंडीत गोठतो का?

पीसी चालू असेल तर काळजी नाही, प्रोसेसरच त्याला गरम ठेवतो. खरा धोका मशीन बंद असताना, म्हणजे ट्रकमध्ये नाहीतर गोदामात. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि नळीला किंवा पंपाला तडा जातो. गळती मात्र बर्फ वितळल्यावर सुरू होते, थेट मदरबोर्डवर!

जुन्या यंत्रांना ही भीती नव्हती. आयबीएमच्या 1980 च्या 3081 मेनफ्रेममध्ये पाणीच फिरायचं, पण ती बसायची बंदिस्त हॉलमध्ये. 1985 चा क्रे-2 तर फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. त्यातून वीज वाहत नाही आणि कडक थंडीतही तो पातळच राहतो. पुढे 2004 मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी5 मध्ये लिक्विड कूलिंग दिलं. कूलर हॉलमधून निघून खोक्यात आला, आणि खोकं कुठेही जातं.

यावरचा उपाय मोटारींनी आधीच शोधला होता. रेडिएटरमध्ये आधी अल्कोहोल घालायचे, ते उडून जायचं. 1920 च्या दशकात अमेरिकेत ग्लायकोल आलं. गंमत बघा: शुद्ध इथिलीन ग्लायकोल उणे 13 अंशांच्या आसपास गोठतं, पाणी 0 ला. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की गोठणबिंदू जवळपास उणे 37! दोघांचे रेणू एकमेकांना स्फटिक बांधू देत नाहीत. पॉटातल्या आइस्क्रीमसाठी बर्फात जाडं मीठ टाकतो, तिथेही हेच तत्त्व.

फॅरनहाइटने 1724 मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावर आपला शून्य अंश ठरवला. तो आपल्या मापात उणे 18, म्हणजे आजच्या घरगुती फ्रीझरचं नेहमीचं सेटिंग.

म्हणून मी फ्रीझरमध्येच चाचणी केली. दोन प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्याच भरल्या, एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत ग्लायकोलवाला कूलंट. सकाळी पाण्याचा दगड झाला होता, कूलंट मात्र डुचमळत होता.

पण यातून कळतं ते उणे 18 पुरतंच. लडाखला पीसी पाठवायचा असेल तर बाटलीवरचा गोठणबिंदू वाचा. तुम्हीही करून बघणार असाल तर झाकण घट्ट लावा आणि बाटली खाण्यापासून लांब ठेवा. इथिलीन ग्लायकोल विषारी असतं, आणि चवीला गोड!

भेटू पुढच्या भागात.