कुडिमरामत : तंजावर शहराचे पाणी आणि दुरुस्तीचा इतिहास

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
१. तंजावर शहराला पूर्वी पाणी कसे मिळत असे ते सांगता येईल.
२. ‘कुडिमरामत’ ही पद्धत आणि तिच्या ऱ्हासाची कारणे स्पष्ट करता येतील.
३. जलवाहिनीची दुरुस्ती आणि पाणीकपात यांचा संबंध इतिहासाच्या आधारे मांडता येईल.

१. प्रस्तावना

‘मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या पाणीपुरवठा बंद राहील.’ ही सूचना तुम्ही अनेकदा वाचली असेल. ती वाचताच आपण हंडे, बादल्या, पिंपे भरून ठेवतो आणि दुरुस्तीला एक अडचण समजतो. या घटकात आपण तंजावरचे उदाहरण घेऊन नेमकी उलट बाजू पाहणार आहोत. जिथे दुरुस्ती ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या माणसांकडून होत होती, तिथे पाणी टिकले. जिथे ती कोणाचीच राहिली नाही, तिथे चांगल्या पावसाच्या वर्षीही टंचाई आली.

तंजावर मराठी वाचकाला परके नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी येथे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत चालले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो. या शहराची पाण्याची व्यवस्था मात्र मराठ्यांच्या आधीपासूनची आहे. चोळ, नायक आणि मराठे यांनी ती एकमेकांकडून घेतली, वापरली आणि वाढवली.

२. तळ्यापासून तळ्यापर्यंत : जलसूत्र

तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला, किंचित उंचवट्यावर वसले आहे. भोवतालच्या भातखाचरांना कालव्याचे पाणी सहज मिळते, पण किल्ल्यातल्या वस्तीला तसे मिळत नव्हते. म्हणून पावसाचे पाणी अडवून ते उताराने आत आणण्याची योजना झाली.

तंजावरचा पहिला नायक राजा सेवप्पा याच्या नावाचे एक तळे शहराबाहेर आहे. तिथले पाणी बृहदीश्वर मंदिराशेजारच्या शिवगंगा तळ्यात येई. गोड पाण्यासाठी प्रसिद्ध असलेले हे तळे राजवाड्याला पिण्याचे पाणी पुरवत असे. तिथून जमिनीखालच्या बांधीव मार्गाने पाणी गावातल्या अय्यनकुळम् यांसारख्या तळ्यांत पोहोचे. या बंदिस्त मार्गाला तंजावरात ‘जलसूत्र’ म्हणतात. सूत्र म्हणजे दोरा. तळी मणी मानली, तर त्यांना ओवणारा हा दोरा होता.

अशा मार्गात पंप नसतो. पाणी फक्त उतारावर चालते. त्यामुळे दोन गोष्टी अटळ ठरतात. पहिली, उतार सांभाळावा लागतो, कारण मध्ये गाळ साचला की पुढची सगळी तळी कोरडी पडतात. दुसरी, पाणी वाटेत जागोजागी थांबते आणि गाळ खाली बसतो. म्हणजे प्रत्येक तळे पाणी निवळण्याची जागा असते आणि साठाही असतो. वरचा मार्ग दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तरी खालच्या तळ्यात काही काळ पुरेल इतके पाणी उरते.

महाराष्ट्रातही याच तत्त्वाची उदाहरणे आहेत. औरंगाबादची मलिक अंबरकालीन नहर आणि अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात आणलेले पाणी तुम्हाला ठाऊक असेल. कात्रजच्या नळावरचे उच्छ्वास हवा बाहेर पडण्यासाठी आणि आत उतरून साफसफाई करण्यासाठी होते. बांधणाऱ्यांनी दुरुस्तीची वाट बांधतानाच ठेवली होती, हे यातून लक्षात घ्या.

३. ‘मरामत’ कोणाची?

तमिळ भागात तळी आणि कालवे दुरुस्त करण्याच्या सामूहिक पद्धतीला ‘कुडिमरामत’ म्हणतात. ‘कुडि’ म्हणजे रयत किंवा कुटुंब. ‘मरामत’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फारसीमार्गे तो मराठीत आला, तसाच तमिळमध्येही गेला. रयतेने केलेली मरामत म्हणजे कुडिमरामत.

उन्हाळ्यात नदी आटे आणि कालवे कोरडे पडत. तोच दुरुस्तीचा हंगाम. गावकरी गाळ काढत, बांधाला माती घालत, पाण्याच्या वाटा मोकळ्या करत. काढलेला गाळ शेतात खत म्हणून जाई. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाल्यावरही हा क्रम राहिला. धरणातून सिंचनाचे पाणी सोडण्याची प्रथेची तारीख १२ जून आणि बंद करण्याची २८ जानेवारी. मधले साडेचार महिने कालव्यांच्या दुरुस्तीचे.

एकोणिसाव्या शतकात ही घडी विस्कटली. १७९९ च्या तहानुसार दुसऱ्या सरफोजी राजांकडे मुख्यतः किल्ला आणि त्याच्या परिसरापुरती सत्ता उरली, आणि प्रांताचा महसूल कंपनीकडे गेला. महसूल घेणारा एक आणि दुरुस्तीची गरज असणारा दुसरा, अशी फारकत झाली. गावचे जुने हक्क आणि मानपान मोडले, तशी कामाला येणारी माणसेही कमी झाली. शेवटी १८५८ मध्ये मद्रास सरकारने सक्तीच्या श्रमाचा कायदा करून ही कामे करून घेण्याचा प्रयत्न केला. जे काम रिवाजाने होत होते, त्यासाठी कायदा करावा लागला, यातच ऱ्हासाची कबुली आहे.

येथे एक सावधगिरी बाळगा. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ‘रयत’ या शब्दात कोण मोडत होते ते विचारा. गाळ उपसणाऱ्या अनेक हातांना त्याच तळ्याचे पाणी घेण्याची मुभा नव्हती. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. तमिळ मुलुखातही जातीची बंधने कडक होती. रस्त्यावरचा नगरपालिकेचा नळ या बाबतीत नक्कीच एक पाऊल पुढे होता.

४. नळ आला, तळे विसरले

१८६६ मध्ये तंजावरला नगरपालिका स्थापन झाली आणि पुढे नळाचे पाणी आले. आज शहराला कोळ्ळिडम आणि वेण्णार या नद्यांचे पाणी पंपाने मिळते. दाबाखालचे हे पाणी उंच टाकीत चढते आणि तिथून घरोघर जाते. सोय मोठी झाली, पण परिणाम दोन झाले.

एक, तळ्यांची गरज संपली असे वाटू लागले. जलसूत्रे बुजली, त्यांच्यावर वस्ती झाली, तळ्यांत कचरा आणि सांडपाणी आले. दोन, सगळे शहर मोजक्या मुख्य वाहिन्यांवर अवलंबून राहिले. अशी एक वाहिनी फुटली, की तिच्यावरच्या सगळ्या वस्त्यांचे नळ एकाच दिवशी कोरडे पडतात.

नदीवरची बांधकामेही म्हातारी होतात. २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुक्कोंबू येथील कोळ्ळिडमवरच्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे पुरात वाहून गेले. मूळ बांधकाम १८३६ चे, आर्थर कॉटन यांच्या काळातले. त्या वेळी कावेरीला भरपूर पाणी होते, कमजोर झाले होते ते बांधकाम. उलट २०१६ चा ईशान्य मोसमी पाऊस फसला आणि जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूचे सर्व जिल्हे दुष्काळग्रस्त जाहीर झाले. त्याच वर्षी राज्य सरकारने कुडिमरामत योजना नव्याने सुरू केली. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत अय्यनकुळम् आणि त्याला पाणी आणणारे जुने जलसूत्रही साफ करण्यात आले.

५. कपातीच्या काळात

इतिहासाचा हा धडा आपल्या घरापर्यंत आणता येतो.

(अ) गळती म्हणजे न केलेली मरामत. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून अधिक पाणी वाया घालवतो. केंद्र सरकारच्या २००८ च्या सेवा-निकषांनुसार शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे आणि हिशेबात न येणारे पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. दोन्ही आकडे एकत्र वाचा. गळती कमी करणे म्हणजे नवा बंधारा न बांधता पाणी मिळवणे.

(आ) पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. म्हणून पुन्हा सुरू झालेले पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. ते फेकूही नका, फरशी पुसण्यास किंवा संडासात वापरा. पिण्याचे पाणी उकळून घ्या.

(इ) काल भरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची आपल्याकडे सवय आहे. स्वच्छ, झाकलेले पाणी एका रात्रीत खराब होत नाही.

(ई) कपात सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्याकडे जमिनीखालची टाकी आणि मोटार आहे, त्याला ती जाणवतही नाही. चाळीच्या किंवा गल्लीच्या सामाईक नळावरच्या माणसाची मात्र पाण्यासाठी रोजी बुडते. मोटार लावून वाहिनीतून पाणी ओढणारा पुढच्या घराचा वाटा घेतो.

(उ) तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. जुनी तळी जे काम शहरासाठी करत होती, तेच काम ही व्यवस्था छपरापुरते करते. पावसाळ्याआधी पन्हळ आणि गाळणी साफ केली नाही, तर तीही बुजते.

६. सारांश

तंजावरचे जलसूत्र कोणत्याही शत्रूने तोडले नाही. त्याची गरज नाही असे वाटले, मरामत थांबली आणि ते आपोआप बुजले. बांधणाऱ्या राजांची नावे शिलालेखांत आहेत. गाळ काढणाऱ्यांची नाहीत, पण पाणी त्यांच्यामुळे वाहत होते. पुढच्या वेळी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असल्याची सूचना आली, तर दुरुस्ती का होते आहे याच्या आधी एक प्रश्न विचारा : ती गेल्या वेळी कधी झाली होती?

७. स्वाध्याय

१. ‘कुडिमरामत’ या शब्दाची फोड करून ही पद्धत स्पष्ट करा.
२. उताराने वाहणारे जलसूत्र आणि दाबाची जलवाहिनी यांची तुलना करा. दुरुस्तीच्या काळात साठ्याचे महत्त्व सांगा.
३. ‘जुनी पाणीव्यवस्था सामूहिक होती, पण समान नव्हती.’ चर्चा करा.
४. आपल्या गावातील एका जुन्या तळ्याची, बारवेची किंवा हौदाची पाहणी करा. त्याची शेवटची दुरुस्ती कोणी, कधी आणि कोणाच्या खर्चाने केली, हे वडीलधाऱ्यांना विचारून एक पानी टिपण लिहा.