गलबताच्या बुडाला चिकटून आलेले पाहुणे

कोकणच्या आरमाराचा इतिहास आपण पाण्याच्या वरून वाचतो. त्यात मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग असतो, विजयदुर्गाची तटबंदी असते, गुराबा आणि गलबते असतात. पण प्रत्येक गलबताचा एक भाग पाण्याखाली असतो, आणि त्या भागाचाही इतिहास आहे. तो शिंपल्यांनी, कालवांनी आणि लाकूड पोखरणाऱ्या जिवांनी घडवलेला आहे. बंदरांच्या कारभारात तो कधी मुख्य विषय झाला नाही. आज मात्र तो समजून घेण्याची गरज निर्माण झाली आहे, कारण ओहोटीच्या वेळी खडकावर कालवे फोडणाऱ्या बायकांचे पोट त्याच्याशी बांधलेले आहे.

सुरुवात लाकडी जहाजांपासून करू. लाकडात बोगदे करणारा जो जीव ‘जहाजकिडा’ म्हणून ओळखला जातो, तो किडा नाहीच. तो तिसरीच्याच वर्गातला, दोन शिंपांचा प्राणी आहे. त्याच्या शिंपा आकसून डोक्याशी आल्या आणि त्यांची कानस झाली. १७३१ च्या सुमारास हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकडी खांब या प्राण्याने आतून पोकळ केल्याचे उघडकीस आले. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे तिथे हाहाकार माजला आणि पुढे लाकडाऐवजी परदेशातून दगड आणून बांध मजबूत करावे लागले. हा प्राणी पूर्वेकडून जहाजांबरोबर आला असावा, असे अनेकांना वाटले. तो खरोखर कुठला, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. जहाजे शतकानुशतके फिरत राहिली आणि नोंदी उशिरा सुरू झाल्या, त्यामुळे अनेक किनारी जिवांना ‘इथलाच’ किंवा ‘बाहेरचा’ असा शिक्का मारता येत नाही. अशा जिवांसाठी जेम्स कार्लटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये ‘मूळ अज्ञात’ असा वेगळा वर्गच सुचवला.

या शत्रूशी हिंदी महासागरातले नाखवे आणि सुतार फार पूर्वीपासून झुंजत होते. सागवान हे त्यांचे पहिले शस्त्र. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. बुडाला चुना आणि तेलाचा लेप देणे, लाकडाला मुशीच्या यकृताचे तेल चोळणे, हे दुसरे शस्त्र. तिसरे शस्त्र ऋतूचक्राने दिले होते. पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्या शांत झाला की पुन्हा लोटायच्या. त्या दोन-अडीच महिन्यांत बुडाला चिकटलेले सारे जीव वाळून मरत. जहाज खाडीत वर, गोड्या पाण्यात नेऊन ठेवले तरी खाऱ्या पाण्यातले जीव गुदमरत. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत मराठा आरमाराची गोदी होती. तिचे अवशेष आजही दिसतात. जहाज कोरडे करून बूड साफ करणे हे अशा गोदीचे एक महत्त्वाचे काम. जहाज टिकावे म्हणून चाललेल्या या खटाटोपात आणखी एक गोष्ट नकळत साधत होती. एका किनाऱ्याचे जीव दुसऱ्या किनाऱ्यावर पोचण्याआधीच वाटेत मरत होते.

पोलादी जहाजे आली आणि हा विसावा संपला. आता जहाज बाराही महिने चालते. शिवाय ते आपल्याबरोबर पाणीही नेते. रिकामे जहाज समुद्रात डळमळू नये म्हणून त्याच्या टाक्यांत बंदरातले पाणी भरतात आणि माल चढवायच्या ठिकाणी ते सोडून देतात. जुन्या जहाजांत या कामासाठी दगड आणि वाळू असे. पाण्याबरोबर मात्र शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले येतात. खनिज नेणाऱ्या बंदरांत हे विशेष घडते, कारण तिथे जहाज रिकामे येते आणि भरून जाते. सिंधुदुर्गातले रेडी आणि शेजारच्या गोव्यातले मुरगाव ही अशीच लोहखनिजाची बंदरे.

भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मायटिलॉप्सिस सॅलेई. कॅरिबियन समुद्राच्या परिसरातला हा दोन-तीन सेंटिमीटरचा काळपट शिंपला. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणम बंदरात आढळला आणि काही वर्षांतच मुंबईच्या गोदीतही सापडला. तो झुबक्यांनी वाढतो, जहाजांची बुडे आणि पाण्याचे नळ व्यापून टाकतो. मार्च १९९९ मध्ये तोच, किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या नौकातळांवर दिसला. तिथल्या सरकारने काही दिवसांतच हे तळ बंद केले, तिथून बाहेर पडलेल्या नौका शोधून तपासल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडले आणि तो समूळ नष्ट केला. अर्थात त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले. पण हे जमले याला दोन कारणे होती. ते तळ दरवाजे लावून समुद्रापासून तोडता येत होते, आणि पाहणाऱ्यांनी अनोळखी शिंपला वेळेत ओळखला होता. मालवणच्या किनाऱ्याला दरवाजे नाहीत, त्यामुळे आपल्या हाती उरते ते दुसरेच कारण.

या दृष्टीने केरळची हकिगत आपल्याला जवळची आहे. दक्षिण अमेरिकेतला मायटेला स्ट्रिगाटा हा शिंपला फिलिपिन्स आणि सिंगापूरनंतर केरळच्या खाडीसरोवरांत पसरला. २०१७ च्या ओखी वादळानंतर तो नजरेत भरू लागला, असे तिथले मच्छीमार सांगतात. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात त्याचे थर बसले. हे तेच सरोवर, जिथल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. तिथला तो शिंपला म्हणजे आपल्याकडच्या तिसऱ्याच. नव्या शिंपल्याला तिथल्या लोकांनी ‘वरत्तन कक्का’, म्हणजे परका शिंपला, असे नाव दिले. परक्याला नाव देणे ही पहिली नोंद असते, आणि ती शिंपले वेचणाऱ्यांनी केली.

परके ते सारे वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. काजू आणि मिरची हीदेखील अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली आणि त्यांच्याशिवाय आज मालवणी स्वयंपाक उभा राहत नाही. पण काजू माणसाने हाताने लावला आणि तो आपल्या कुंपणात राहिला. शिंपला न बोलावता येतो आणि त्याला कुंपण घालता येत नाही.

हवामान बदलल्यामुळे त्याची वाट आणखी मोकळी होते आहे. गेल्या काही दशकांत अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान १.२ ते १.४ अंश सेल्सिअसने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले अभ्यासक सांगतात. मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’ वादळाने मालवणला दिलेला तडाखा ताजा आहे. थोड्या दिवसांत धो धो पाऊस पडला की कर्ली, कोळंब, आचरे यांसारख्या खाड्यांचे पाणी एकाएकी गोडसर होते आणि तिसऱ्यांना ते सोसत नाही. मायटेला मात्र जवळजवळ गोड्या पाण्यापासून पुरत्या खाऱ्या पाण्यापर्यंत कुठेही तग धरतो. घरचे खचले की रिकाम्या जागेवर चिवट पाहुणा बसतो.

मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. जिल्ह्यात बचत गटांच्या बायका दोरांवर हिरवे शिनाणे आणि तराफ्यांवर कालवे वाढवू लागल्या, त्यालाही काही वर्षे झाली. दोरावर परक्या शिंपल्याचा थर बसला तर शिनाण्यांच्या वाट्याचे अन्न आणि जागा दोन्ही जातात, आणि त्याबरोबर त्या बाईचे हंगामाचे पैसेही.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांच्या मदतीने जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्याकडे तिची पाने बहुधा वड, पिंपळ आणि औषधी वनस्पतींनी भरतात. किनाऱ्यावरच्या गावांत तिच्यात तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवे आणि शिनाणे यांनाही पान मिळायला हवे. कोणत्या खडकावर काय, कोणत्या महिन्यात, केवढ्या आकाराचे, आणि गावात त्याला काय म्हणतात, हे सारे त्या पानावर यावे. ती माहिती आज ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेल्या बायकांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्या मुली शहरात चालल्या आहेत. हॉलंडच्या लोकांना आपला जहाजकिडा घरचा की दारचा हे तीनशे वर्षांनीही ठरवता आलेले नाही, कारण आधीची नोंदच नव्हती. घरातली माणसे कोण, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच पाहुणा ओळखता येतो.