पायाला बसेल तोच बूट



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीची ८०० मीटर धावण्यासाठी जिल्हा स्पर्धेला निवड झाली. आम्ही बैठकीत ठराव केला आणि बुटांसाठी अंतर्गत कर्ज दिलं. बाजारात मात्र पोरीला न नेता आम्हीच गेलो आणि दोन नंबर मोठे बूट आणले. वाढता पाय आहे, दोन वर्षं पुरतील, हा आमचा हिशोब! तिनं ते जपून ठेवले आणि थेट शर्यतीच्या दिवशी घातले. दुसऱ्या फेरीत टाचा सोलवटल्या, शर्यत हातची गेली. चूक तिची नव्हती, आमची होती.

यंदा गटातल्या तिघींच्या मुली पहिल्यांदाच मैदानात उतरणार आहेत. म्हणून या वेळी बूट घेण्याआधी आम्ही बुटांचा इतिहास वाचला. तेव्हा कळलं, ही चूक आमच्या एकट्यांची नाही.

१९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला यांना मिळालेले बूट पायाला बसेनात. अनवाणी धावायची त्यांना सवय होतीच. ते तसेच ४२ किलोमीटरची मॅरेथॉन धावले आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. मग बूट नकोतच का? तसं नाही. १९६४ साली टोकियोत ते बूट घालून धावले आणि पुन्हा जिंकले. अडचण न बसणाऱ्या बुटांची होती.

बायकांची अडचण आणखी मोठी. बाईला मॅरेथॉन झेपत नाही, असं सांगून १९६६ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या शर्यतीत बॉबी गिब यांना प्रवेश नाकारला गेला. बायकांसाठी धावायचे बूट तेव्हा मिळत नव्हते, म्हणून त्या नर्सच्या बुटांत सराव करायच्या. शर्यतीला मात्र मुलग्यांचे नवे बूट घेतले. झुडपात लपून बसल्या आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांच्या घोळक्यात शिरल्या. शेवटी पायाला फोड आले, वेग मंदावला, तरी ३ तास २१ मिनिटांत त्यांनी शर्यत पूर्ण केली. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली.

तळव्याची गोष्ट तर स्वयंपाकघरातली आहे. १९७१च्या सुमारास अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन खिळ्यांशिवाय जमीन पकडणारा तळवा शोधत होते. त्यांची पत्नी बार्बरा यांच्याकडे वाफल नावाचा चौकोनी खळग्यांचा पदार्थ भाजायचा साचा होता. बॉवरमननी त्यात रबरासारखं रसायन ओतलं. साचा चिकटून कायमचा बाद झाला, पण त्या नक्षीचे तळवे पुढे जगभर गेले.

या सगळ्यातून आम्ही गटासाठी नियम ठरवले. बूट घेताना मुलगी सोबत हवीच. दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून संध्याकाळी जायचं, मोजे घालून दोन्ही पायांत बूट घालून बघायचे. उभं राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहावी, टाच मात्र आत सरकू नये. चवडा आवळता कामा नये. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा. दुकानातच चार पावलं धावून बघावं. खिळ्यांचे बूट पहिल्याच वर्षी घ्यायची घाई नको. मैदान कसं आहे ते पाहून, क्रीडाशिक्षकांना विचारूनच घ्यावेत. आणि नवे बूट निदान दोन आठवडे सरावात वापरल्याशिवाय शर्यतीत घालायचे नाहीत.

बूट लहान झाले, तर धुऊन गटातल्या धाकट्या मुलीला द्यायचे. पण तिच्याही पायाला बसले तरच!

येत्या बाजाराला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी पोरी पुढे आणि आम्ही मागे. रामराम!