गावाचं पदक, माणसाचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पदक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छातीवरची रंगीत फीत येते आणि तिला लटकलेली चकती येते. पण पदकाची खरी ओळख दर्शनी बाजूला नसते, ती कडेवर असते. आपल्या भागात कोणाच्या घरी जुन्या पेटीत पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल, तर ते उजेडात धरून त्याची कड फिरवून पाहा. बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. १९६५ च्या युद्धाचा समर सेवा स्टार असो, नाहीतर १९७१ चा पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असो, पदक कोणाचं आहे हे ठरतं ते त्यावर कोरलेल्या क्रमांकाने आणि नावानेच.

मात्र या अक्षरांत एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे त्या माणसाचं गाव.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. सातारा आणि कोकण भागात त्या आजही दिसतात. मजकूर साधारण ठरलेला असे : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचा उल्लेख आहे, आकडा आहे, पण त्या आकड्यामागच्या माणसांची नावं बहुधा नाहीत. म्हणजे पदकावर माणूस आहे पण गाव नाही, आणि पाटीवर गाव आहे पण माणूस नाही. या दोहोंच्या मधली जी मोकळी जागा आहे, तिथे गावाने स्वतः दिलेलं पदक बसतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

लढाईहून परतलेल्यांची जमीन

परतलेल्या शिपायाला काय द्यायचं, हा प्रश्न वैनगंगेच्या खोऱ्याला नवा नाही. १७८० च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील चिमणाजी भोसले फौज घेऊन कटकच्या मोहिमेवर गेले. त्या फौजेत इकडचे पोवारही होते. या कामगिरीबद्दल त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यातील पडीक आणि जंगलाची जमीन मिळाली, असं इंग्रजी अमदानीतील नोंदी सांगतात. तलाव बांधण्यात आणि धान पिकवण्यात या लोकांनी पुढे मोठं नाव कमावलं. आज तिरोड्याच्या आसपास धानाच्या बांध्या पाहताना त्यांतल्या काहींच्या मुळाशी एका लांबच्या मोहिमेचं बक्षीस आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ते बक्षीस राजाने दिलेलं होतं, हे खरं. पण गळ्यात घालायच्या चकतीपेक्षा ते वेगळं होतं. शिपाई ते घेऊन गावात राहिला, त्याने ते कसलं आणि पुढच्या पिढीला दिलं. त्याचा मान आणि त्याचं गाव एकाच ठिकाणी राहिले.

कंपनी सरकारची तऱ्हा निराळी होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरच्या सीताबर्डीवर लढाई झाली आणि १६ डिसेंबरला नागपूरची लढाई झाली. या लढायांसाठी पदक जाहीर झालं ते १८५१ मध्ये, म्हणजे तब्बल ३४ वर्षांनी. त्यावर सीताबर्डी आणि नागपूर या नावांच्या पट्ट्या होत्या, तशीच कोरेगावच्या नावाचीही होती. मात्र तोवर जे हयात होते त्यांनाच ते मिळालं. दरम्यान मरण पावलेल्यांच्या घरी काही आलं नाही. आणि त्याच सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने लढलेल्या आपल्याच मुलखातल्या शिपायांना पदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पदक नेहमी जिंकणारा वाटतो. हरलेल्या फौजेतला शिपाईही परत येतो, पण तो फक्त आपल्या गावाकडे येतो.

शहरांनी पाडलेली पदकं

सरकारची वाट न पाहता गावाने किंवा शहराने आपलं पदक द्यावं, ही चाल जगात इतरत्र चांगली रुजली होती. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाच्या वेळी किंबर्ली शहराला १२४ दिवस वेढा पडला होता. १९०० मध्ये वेढा उठल्यावर शहराच्या महापौरांनी रक्षणकर्त्यांना चांदीचा सहा टोकांचा तारा दिला. लष्कराने तो गणवेशावर लावायला परवानगी दिली नाही, तरी लोकांनी तो जपून ठेवला. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या लहान लहान गावांनी बोअर युद्धानंतर आणि पहिल्या महायुद्धानंतर वर्गणी काढून परतलेल्या पोरांना सोन्याचांदीची छोटी पदकं दिली. घड्याळाच्या साखळीला अडकवता येतील अशी ती असत आणि त्यांवर शिपायाचं नाव व ‘अमुक गावच्या रहिवाशांकडून’ असे शब्द कोरलेले असत.

सर्वांत बोलकं उदाहरण फ्रान्समधल्या व्हर्दंचं आहे. या शहराभोवतीची लढाई १९१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत चालली. लढाई चालू असतानाच, २० नोव्हेंबर १९१६ रोजी, तिथल्या नगरपालिकेने ठराव करून आपलं पदक काढलं. ते सरकारी पदक नव्हतं. पण नगरपालिकेने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. ज्यांना ज्यांना पदक दिलं, त्यांची नावं मोठ्या वह्यांत लिहून ठेवली. पदक हरवेल, विकलं जाईल, पण नाव शहराच्या दप्तरी राहील.

आपल्याकडे काय होतं?

मग आपल्या गावांनी काय दिलं? आपल्या गावांजवळ सोनं नव्हतं आणि पदक पाडायची चालही नव्हती. ओवाळणी होती, फेटा होता, नारळ होता, देवळासमोर जेवणाची पंगत होती. हा मान खरा होता, पण तो त्याच दिवशी संपणारा होता. फेटा विरतो, नारळ फुटतो, आणि ज्यांनी ओवाळलं त्या बायकाही काळाआड जातात. सरकारी पदकाचंही फारसं निराळं झालं नाही. महायुद्धाचं पदक चांदीचं होतं. अडीनडीला ते सोनाराकडे गेलं. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा तर जगभर अशी पदकं वितळवली गेली. पदकासोबत त्याच्या कडेवरचं नावही वितळलं.

यात आणखी एक कडू गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. गावाने ओवाळलं, पण ते कोणाला? कंपनीच्या काळापासून महार शिपाई फौजेत होते. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या सैनिकांची नावं आहेत आणि त्यांत ‘नाक’ या शब्दाने संपणारी २२ नावं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली, १९१७ मध्ये गरज पडताच १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली. या शिपायांच्या छातीवर सरकारचं पदक असे. पण सुटीवर गावी आल्यावर विहिरीवर आणि देवळात त्यांच्यासाठी जुनाच नियम होता. पलटणीने दिलेला मान गावाच्या वेशीवर उतरवून ठेवावा लागत असे. म्हणून गावाने दिलेल्या पदकाची किंमत धातूवर ठरत नाही. हा आपल्यातला आहे, असं गावाने चारचौघांत मान्य करणं, हीच त्याची किंमत आहे.

नावं गाळण्याचा दोष केवळ गावाच्या पाट्यांचा नव्हता. इराकमध्ये बसरा इथे १९२९ मध्ये मोठं युद्धस्मारक उभं राहिलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या दिली गेली. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मरण पावले. त्यांतल्या अनेकांची अशी आकड्यात गणना झाली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या, पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी संगणकावर खुल्या होऊ लागल्या. शंभर वर्षांनी नातवंडा-पतवंडांना आपला माणूस सापडला, तो त्याच्या गावाच्या नावाखाली.

शिलाफलकानंतर

२०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या उपक्रमात देशभरातल्या ग्रामपंचायतींत शिलाफलक बसवण्यात आले. गावातल्या ज्यांनी देशासाठी प्राण दिले त्यांची नावं त्यावर कोरावीत, अशी योजना होती. महायुद्धाच्या पाटीत जे राहून गेलं होतं, ते इथे भरून निघालं : गाव आणि नाव एका दगडावर आले. त्याआधी २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी देण्याचं ठरवलं. ग्रामपंचायत आपलं उत्पन्न सोडते, म्हणजे एका अर्थाने गावच मान देतं.

उरतो तो पंधरा-वीस वर्षं नोकरी करून जिवंत परत आलेला जवान. आता तो निवृत्त होऊन येतो तेव्हा स्टेशनपासून मिरवणूक निघते, उघड्या जीपवर फुलं पडतात, मुलं पुढे नाचतात. हा बदल फार चांगला आहे. मग मंडपात शाल-श्रीफळ होतं आणि एक सन्मानचिन्ह हाती दिलं जातं. हे सन्मानचिन्ह जरा नीट पाहिलं तर बऱ्याचदा असं दिसतं, की देणाऱ्या मंडळाचं नाव आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो ठळक आहेत आणि ज्याला दिलं त्याचं नाव एक तर बारीक अक्षरांत आहे किंवा मुळीच नाही. तेच चिन्ह कबड्डीच्या सामन्यातही देता आलं असतं.

इथे गावाला फार खर्च न करता चांगलं काम करता येईल. पितळेची किंवा तांब्याची साधी चकती असली तरी चालेल. तिच्यावर चारच गोष्टी कोराव्यात : माणसाचं नाव, पलटण, सेवेची वर्षं आणि गाव. देणाऱ्याचं नाव नको, गावाचं नाव पुरे आहे. गणवेशावर ती लावता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. दुसरं काम व्हर्दंच्या नगरपालिकेसारखं : ग्रामपंचायतीत एक जाड वही ठेवावी आणि १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांपासून कारगिलपर्यंत गावातून जे जे गेले त्यांची नावं वयस्कर मंडळींना विचारून लिहून घ्यावीत. त्यात कोणत्याही मोहल्ल्यातला, कोणत्याही टोलीतला माणूस सुटू नये. १९७१ चे जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. ही वही पुढच्या वर्षी लिहू म्हणून चालणार नाही.

शेवटी इटलीतली एक गोष्ट सांगतो. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या डोंगरी मुलखात मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. या गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक स्मारक उभारलं, आणि तेही छायाघड्याळाच्या रूपात. त्या गावाचा आणि पळसगावचा तसा काय संबंध? तरी एकोणऐंशी वर्षांनी परक्या गावाने आपल्या माणसाचं नाव दगडावर घातलं. आपल्याच माणसाचं नाव आपल्या गावाने लिहायचं तर त्याला इतकी वर्षं लागू नयेत.