बंबाचा विजेवरचा नातू

अग्नी आणि पाणी यांचं जन्माचं वैर. पण माणसाला ऊन पाण्याची चटक लागली आणि त्यानं दोघांना एका घरात नांदायला लावलं. त्या संसाराची कथा म्हणजेच आपल्या न्हाणीघराचा इतिहास!

आपल्याकडे त्याचं पहिलं पर्व तांब्याच्या बंबाचं. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. जेवढं ऊन काढाल तेवढं गार ओतायचं, हा घराघरांतला अलिखित कायदा. आणि तो मोडणारा नेमका घरचा जावई असायचा.

तिकडे लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं. आइसलँडमधल्या उसळत्या झऱ्यांवरून त्याला नाव दिलं ‘गीझर’. मात्र धूर बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती! त्यामुळे आत गेलेला माणूस स्वच्छ होईल हे नक्की. बाहेर येईलच याची खात्री नव्हती. पुढे १८८९ मध्ये नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूडनं आपोआप तापणारी साठवणीची टाकी केली.

हा सगळा इतिहास मला धुंडाळावा लागला तो आईमुळे. ब्याऐंशी वर्षांच्या आईला आता बादलीत वाकवत नाही. तेव्हा शॉवर हवा, आणि तोही विजेचा, असं मुलानं जाहीर केलं. पाणी फवाऱ्यातच तापणार, थांबायला नको! इलेक्ट्रिशियननं डोकं खाजवलं. “साहेब, त्या विलायती शॉवरला सात ते दहा किलोवॅट लागतात. तुमचा पॉइंट सोळा अँपिअरचा, म्हणजे साडेतीनच्या आसपास. तेवढ्यात मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी कोमट होईल. आजी भिजणार कशा? आणि आधी अर्थिंग तपासू द्या!”

त्याचा हिशेब बिनतोड होता. शेवटी पंचवीस लिटरची साठवणीची टाकी भिंतीवर चढली, नवं अर्थिंग झालं, खाली बसायला स्टूल आलं. साठ अंशांच्या पाण्यात तेवढंच गार मिसळलं की पन्नास लिटर, म्हणजे दहा मिनिटांचा निवांत फवारा.

आईनं टाकीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हा तर बंबच! फक्त निखारे दिसत नाहीत.”

शंभरावर वर्षांच्या संशोधनाचा एवढा नेमका सारांश मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता.