दात्याची अस्थी आणि देयकाचा संकेतांक : अमेरिकेतील एक ऐतिहासिक आढावा

मणके अस्थीने सांधण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी १९११ मध्ये मांडली. त्या काळी ही अस्थी रुग्णाच्याच शरीरातून घेतली जाई. मृत दात्याच्या अस्थीच्या वापरास संस्थात्मक आधार मिळाला तो पुढे, १९४९ मध्ये, अमेरिकी नौदलाने बेथेस्डा येथे ऊती-पेढी स्थापन केल्यावर.

शल्यकर्माची नोंद आकड्यांत करण्याची पद्धत याहून अलीकडची. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये ‘सीपीटी’ ही संकेतांक-सूची प्रसिद्ध केली आणि १९८३ मध्ये मेडिकेअर या शासकीय विमा योजनेने ती देयकांसाठी स्वीकारली. मणक्यातील अस्थिरोपणाची सविस्तर वर्गवारी मात्र १९९० च्या दशकात झाली. दात्याच्या अस्थीच्या चुऱ्यासाठी २०९३० आणि अखंड, आधार देणाऱ्या तुकड्यासाठी २०९३१ हे संकेतांक ठरले. रुग्णाच्या स्वतःच्या अस्थीसाठी २०९३६ ते २०९३८ हे होत.

ही विभागणी वरवर शरीरशास्त्रीय वाटते. वस्तुतः ती श्रममूल्याची आहे. मेडिकेअरच्या शुल्कसूचीत २०९३० ला स्वतंत्र मोबदला नाही; तो मुख्य शस्त्रक्रियेतच समाविष्ट मानला जातो. मूळ छेदातूनच मिळालेल्या स्वतःच्या अस्थीची (२०९३६) गतही तीच. अखंड तुकडा घडवून बसविणे आणि कटीच्या हाडासारख्या ठिकाणी वेगळा छेद घेऊन अस्थी काढणे यांना मात्र मोबदला आहे. हिशेबाच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. तथापि कटीवरील त्या दुसऱ्या जखमेची वेदना अनेक रुग्णांना दीर्घकाळ भोगावी लागते, आणि दात्याची अस्थी वापरण्याचा एक मोठा हेतू ती टाळणे हाच असतो. अर्थात, जखम केल्यास मोबदला आणि चुरा वापरून ती टाळल्यास शून्य, असा विपर्यास या सूचीत राहून गेला आहे.

प्रत्यक्ष अस्थीची किंमत या संकेतांकांत येतच नाही. १९८४ च्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कायद्याने मानवी अवयवांच्या खरेदी-विक्रीस बंदी घातली व अवयवांच्या व्याख्येत अस्थीचाही समावेश केला; परंतु काढणे, प्रक्रिया, साठवण व वाहतूक यांसाठी वाजवी आकारणी करण्यास मुभा ठेवली. त्यामुळे ऊती-पेढीचे शुल्क रुग्णालयाच्या साहित्यखर्चात पडते आणि शल्यविशारदाच्या देयकात तोच संकेतांक, कितीही मणके सांधले तरी, एका शस्त्रक्रियेत एकदाच नोंदविला जातो.